ताईचा ठिपका

त्यांची ओळख झाली जिन्यात, आणि तीही बर्फाने! तो रक्ताच्या नमुन्यांची बर्फ भरलेली पेटी घेऊन धावत उतरत होता, ही मोबाइलमध्ये डोकं खुपसून चढत होती. व्हायचं तेच झालं. मूठभर बर्फ हिच्या ओढणीत.

"डोळे घरी ठेवून येता का हो?" ती फणकारली.

"घरी नाही... आत्ताच हरवले," तो बोलून गेला आणि स्वतःच लाजला.

तेव्हापासून तो बर्फवाला, ती आकडेवाली. तो लॅबमध्ये नमुने मशीनवर लावायचा. त्यातल्या हजारो जनुकांचे आकडे हिच्या कॉम्प्युटरवर येऊन पडायचे. त्या ढिगातून आजाराचं जनुक शोधायचं हे हिचं काम. ते सापडलं, तर त्यावरचं औषध रुग्णांना देऊन बघणार होते. त्या रुग्णांत त्याची ताई होती... आईमागे त्याला लहानाचं मोठं करणारी.

आणि एका दुपारी हिच्या पडद्यावर चित्र उमटलं! प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. आजारी डावीकडे, निरोगी उजवीकडे, मध्ये मोकळं रान. म्हणजे जनुक सापडलं! सगळं ऑफिस नाचायचं तेवढं बाकी होतं.

"ताई कुठाय गं?" तो तिच्या खुर्चीवर ओणवला.

तिने शोधलं. ताईचा ठिपका उजवीकडे होता, निरोग्यांच्या ऐन गर्दीत.

"ताई बरी होतेय!" त्याचे डोळे भरून आले. "ए, ऐक ना... ती घरी आली की मला तुझ्याशी एक बोलायचंय."

किती दिवस ती या वाक्याची वाट बघत होती! पण ताई तर अजून वॉर्डात, तशीच आजारी; मग तिचा ठिपका तिकडे कसा?

"तिचा नमुना इतर आजाऱ्यांबरोबरच लावलास ना?"

"नाही गं. त्या दिवशी तिची नळी माझ्याच हातून सांडली. मग पुन्हा रक्त घेऊन निरोग्यांच्या दिवशी लावली. का? काय बिघडलं?"

सगळंच बिघडलं होतं. सगळे आजारी एका दिवशी, सगळे निरोगी दुसऱ्या दिवशी; आणि मशीनचा नूर रोज वेगळा, तसे आकडेही. ठिपके वेगळे झाले ते दिवसांमुळे. आजाराचा त्यात पत्ताच नव्हता.

गप्प बसावं? एक ठिपका पुसला तर कुणाला कळणार होतं? पण त्या भलत्याच औषधाची सुई ताईच्याच दंडात जाणार होती. तिने सांगून टाकलं.

त्याने पडद्यावरच्या ताईच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "ताईला काय सांगू?"

"मी येते. दोघं सांगू. आणि... तुला जे बोलायचंय ना, त्याला माझं हो आहे. ताई घरी येवो, न येवो."

वॉर्डात ताईने सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे या धांदरटाने माझं रक्त सांडलं नसतं, तर चूक कळलीच नसती?"

"नसती, ताई."

"मग आता?"

"सगळे नमुने पुन्हा... आजारी, निरोगी एकत्र मिसळून. पण वेळ लागेल."

ताईकडे तेवढा वेळ नव्हता. ते तिघांनाही ठाऊक होतं. त्याने आकडेवालीचा हात घट्ट धरला; त्याची बोटं नेहमीसारखीच गार होती.

ताईने त्या हातांकडे बघितलं, गालात हसली आणि हळूहळू बाही वर सारली.

"घे रे. या वेळी सांडू नकोस."