आठ नंबरचे बूट

घरपट्टीच्या कचेरीतल्या रांगेत ती इतकी तापली होती, की पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीलाच तिने गाऱ्हाणं सांगायला सुरुवात केली.

"नोटिशीत म्हणे वरच्या मजल्यावर भाडेकरू! माझ्या घरात! मोजायला आलेला माणूस आंधळा होता की काय, देव जाणे."

पाठ वळली. चष्मा, कपाळावर विस्कटलेले केस आणि कमरेला अडकवलेली मोजायची टेप.

"आंधळा नाही हो... जरा जवळचं कमी दिसतं," तो म्हणाला. "तुमच्या वॉर्डाचा मोजणीवाला मीच."

तिने जीभ चावली. पण माघार घेईल ती कसली? "मग बेल वाजवायची होतीत!"

"तीनदा वाजवली. आत घरघर चालली होती. मला वाटलं, कोणीतरी घोरतंय."

"ते माझं मशीन. मी कवळ्या बनवते."

"म्हणजे... दातांच्या?" त्याने घाईघाईने तोंड मिटलं. तिला हसू फुटलं. आपण शेवटचं कधी हसलो होतो, ते तिला आठवेना.

दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, ती घरच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या घासायची. अर्ध्या गावाचं हसू तिच्या टेबलावरून जायचं आणि दिवसभरात तिच्याशी बोलणारं कोणी नसायचं. बाबांनी घर बांधताना दादासाठी वरचा मजला काढला होता, बाहेरून वेगळा जिना ठेवून. दादा-वहिनी दूरच्या शहरात गेले. तीन वर्षांपूर्वी बाबाही गेले. आणि आता ही नोटीस. भाडेकरू ठेवलेल्या घराचा कर जवळजवळ दुप्पट, तो तिला झेपणारा नव्हता. दादाचा फोन आलाच, "विकून टाक आणि आमच्याकडे ये. एकटीला कशाला हवंय एवढं घर?" तिने "बघते" म्हणून फोन ठेवला. दादाकडे तिच्या वाट्याला शिलाई मशीनशेजारचा पलंग होता, हे तिला माहीत होतं.

भाडेकरू आला कुठून, हेही तिला माहीत होतं. बाबा गेल्यावर एका संध्याकाळी कोणीतरी दोनदा कडी हलवून गेलं होतं. तिची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी तिने आठ नंबरचे काळे पुरुषी बूट विकत आणले आणि जिन्याच्या पायथ्याशी ठेवले. रोज सकाळी ती त्यांची तोंडं फिरवायची, कोणी येऊन गेल्यासारखी. हळूहळू बाहेर पडताना ती त्या बुटांना "येते हं" म्हणायला लागली. याची तिला फार लाज वाटे.

तिच्या तक्रारीवरून फेरपाहणीला मोजणीवाला आला तेव्हा बारीक पाऊस होता. त्याने चष्मा शर्टाला पुसला.

"मदतनीस रजेवर आहे. टेपचं दुसरं टोक धराल का?"

"त्याचा पगार मिळेल?"

"अर्ज करा. सुनावणी ठेवू."

ती एका भिंतीशी, तो दुसऱ्या भिंतीशी. टेप ताणली, की त्याच्या हाताची हालचाल थेट तिच्या बोटांत यायची. कामाचीच गोष्ट, पण तिचा चेहरा उगाच गरम झाला.

"माझ्या दातांकडे बघताय का?" त्याने विचारलं.

"सवय आहे. वरचा एक जरा तिरका आहे... राहू द्या तसाच. चांगला दिसतो."

तो आकडा लिहायला विसरला. ती भिंत पुन्हा मोजावी लागली.

मग फॉर्ममधला प्रश्न आला. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीसाठी तोच. "इथे कोण राहतं?"

"कोणी नाही."

"इथे?"

"कोणी नाही."

पाच खोल्या झाल्या. पाचव्यांदा तिचा आवाज इतका बारीक झाला, की सहाव्या खोलीत त्याने विचारलंच नाही, स्वतःच लिहिलं.

जिन्याच्या पायथ्याशी तो थांबला. "आणि हे बूट?"

"दादाचे. मागच्या महिन्यात आला होता ना... विसरला."

त्याने एक बूट उचलून उलटा केला. तळ कोरा करकरीत. किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. मग त्याने तो बूट होता तिथेच, होता त्याच दिशेला तोंड करून ठेवला आणि गेला.

सुनावणीला अख्खी गल्ली हजर होती, कारण नोटिसा सगळ्यांनाच आल्या होत्या. तिथे जो तो आपल्याच घराची निंदा करत होता. कोणाचं छत गळत होतं, कोणाची भिंत पोट काढून उभी होती. तिच्याकडे मात्र घराबद्दल वाईट बोलायला काही नव्हतं.

तिघांचं मंडळ होतं, अध्यक्षबाई मधोमध. त्यांनी कागद चाळले. "पहिल्या नोंदीत जिन्याशी पुरुषाचे बूट आहेत. नव्या अहवालात बुटांचा उल्लेखच नाही. असं का?"

मोजणीवाला उठला. "बूट नव्हतेच, बाई. मी चुकून लिहिलं."

"नोंदीला जोडलेला बुटांचा फोटो तुम्हीच काढलाय! खोटी नोंद केली, असा शेरा मारू तुमच्या नावावर?"

"मारा."

तिने मान वर केली. तिचं गुपित गल्लीसमोर उघडं पडू नये, म्हणून हा माणूस आपल्या नोकरीवर डाग घ्यायला निघाला होता. ती उभी राहिली.

"बूट आहेत. मीच आणलेत. घरात कोणी आहे असं वाटावं म्हणून ठेवते. साहेब फसले, कारण ते फसवायलाच ठेवले होते." मग ती गल्लीकडे वळली. "मी एकटी राहते."

मागून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सांगायचंस तरी! दोन वर्षं आम्ही तुझा भाडेकरू दिसतो कसा, म्हणून डोळे लावून बसलोय!"

सगळे हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "माझ्याकडे काठी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "यजमानांची. दाराला टेकवून ठेवते." आणि त्यांनी भाडेकरू खोडला.

बाहेर पायऱ्यांवर तो आदेशाची प्रत घेऊन आला. "शेवटची ओळ वाचा. वाचावी लागते."

तिने वाचलं, "'राहणाऱ्यांच्या संख्येत बदल झाल्यास तीस दिवसांत कळवावे.' कोणाला?"

"मलाच."

"आणि... तुमच्यामुळेच बदल झाला तर?"

त्याने टेप उघडली, मिटली. पुन्हा उघडली. "मग आधी चहाला यावं लागेल," तो म्हणाला. "मला... फार दिवसांपासून यायचंय. वॉर्डात फिरताना तुम्हाला बघायचो. तीनदा बेल वाजवली होती, आठवतंय ना? नियमात एकदाच आहे."

त्या संध्याकाळी तो आला आणि दोन कप चहा पिऊन गेला. निघताना म्हणाला, "उद्या येतो."

तो गेल्यावर घर पुन्हा तेवढंच मोठं झालं. तिने दादाला फोन करून "विकत नाही" एवढंच सांगितलं. मग जिन्याशी जाऊन नवे बूट उचलले आणि कपाटात ठेवले. ती जागा रिकामी दिसत होती. शेजारी त्याच्या झिजलेल्या बुटांची ओली माती तेवढी राहिली होती. तिने फडकं आणलं, क्षणभर हातात धरलं आणि तसंच परत नेऊन ठेवलं.