साडेतीनच्या भोंग्याचा सूर

"पेटीच बेसूर हाय. बाईमाणूस हाय म्हणून बोलत न्हाय मी."

हे गुरप्पा आपल्या मते फक्त वेणीमाधवच्या कानात बोलला होता. पण खोली दहा बाय बाराची. तीत चार माणसं, पत्र्याच्या डब्यांचा एक ढोल आणि आडवा पाडलेला एक रांजण. एकाच्या कानात सांगितलेलं दुसऱ्याच्या कानात जायचंच. गोदावरीच्या तर सरळ गेलं. तिनं भात्यावरचा हात काढला नाही, मान तेवढी वर केली.

"पेटी वडिलांची आहे. तीस वर्षं देवळात वाजलीय. देवानं अजून तक्रार केली नाही."

गुरप्पानं जीभ चावली. वेणीमाधव पोस्टात कारकून होता, त्याला न बोलता बसायची सवय होती. तो बेंजोच्या तारा पुसत राहिला. आणि मांडीवर गिटार घेऊन बसलेला चनबसप्पा हसला... अगदी थोडं, डाव्या गालात. गोदावरीनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

ती इथं येऊन पोचली ती रेडिओमुळे. आठ दिवसांपूर्वी घरातला रेडिओ मुका झाला, म्हणून टायपिंगच्या क्लासला शिकवायला जाता जाता तो काखेत मारून ती नवी पेठेमागच्या बोळात चनबसप्पाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानात ग्रामोफोन लावलेला. ती दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचा ग्रामोफोन हळू फिरतोय. पाऊण सूर उतरलाय."

"अहो बाई, कालच तेल दिलंय त्याला."

"दिलं असेल. उतरलाय."

त्यानं तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून घड्याळ लावून फेरे मोजले. खरंच कमी भरले. मग तो तिच्याकडे असा बघत राहिला, की तिला पदर ढळला नसताना सावरावासा वाटला.

"तुमी गाता?"

"पेटी वाजवते. घरी."

"आमचा आर्केस्ट्रा हाय. पेटी तेवढी न्हाय बघा."

आर्केस्ट्रा म्हणजे काय, ते आता दुकानामागच्या या खोलीत तिला दिसत होतं. गिटारची पट्टी मोडीत निघालेल्या मागाच्या लाकडाची. तिच्यावरचे पडदे सायकलच्या आऱ्यांचे. आवाज मोठा करायचं यंत्र जुन्या रेडिओच्या पोटातून काढलेलं. रांजणात माइक ठेवलेला, कारण त्याच्या तोंडाशी गायलं की आवाज देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमतो. गाणीसुद्धा घरचीच. शब्द चनबसप्पाचे, चालही त्याची. ऐकलेली गाणी वाजवायला पेठेतले दहा बँडवाले होते. हे तिघं आपलंच वाजवत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेत एका तरुण मंडळानं त्यांना मांडव दिला होता. पहिलाच. आणि आता पेटी आली, तर ती कशाशीच जुळेना.

"तुम्ही सूर लावता कशावर?" गोदावरीनं विचारलं.

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी चनबसप्पा म्हणाला, "भोंग्यावर."

"कसल्या?"

"गिरणीच्या की! साडेतीनच्या. रोज येळेवर येतो, फुकट येतो, साऱ्या गावाला ऐकू येतो. त्याच्यावर तार लावायची."

तेवढ्यात भोंगा झालाच. आधी चढत गेला, मग एका जागी स्थिर राहिला. चनबसप्पा आणि वेणीमाधवनं खाली मान घालून भराभर खुंट्या पिळल्या. गोदावरीनं एक काळी दाबली, मग तिच्या शेजारची पांढरी.

"काळी एकच्या वर, पांढरी दोनच्या खाली. हा सूर जगातल्या कुठल्याही पेटीत नाही."

"म्हंजे... आमी वर्षभर..." गुरप्पा म्हणाला.

"वर्षभर तुम्ही गिरणीच्या सुरात होता. एकमेकांशी जुळत होता, जगाशी नाही."

चनबसप्पा मोठ्यानं हसला. "आरं, मग नावच ठेवू या. भोंगा आर्केस्ट्रा!"

त्या दिवशी सगळं पेटीवर लावलं. गिटार लागली, बेंजो लागला. तिघांनी मिळून नुसता षड्ज धरला तेव्हा गुरप्पानं ढोलावरचे हात उचलून घेतले. मग चनबसप्पा रांजणाशी सरकला आणि गायला लागला.

भोंगा वाजला, दिवस सुटला,
तुझ्या दारचा दिवा पेटला...

शब्द ऐकून गोदावरी नकळत पुढं झुकली. आणि सूर ऐकून तिची बोटं पेटीवर अडखळली.

तो बेसूर होता. थोडाथोडका नाही. इतके दिवस ढोलाच्या दणक्यात त्याचा गळा खपून जायचा. आता शेजारी पेटीचा सूर आला आणि तो एकटा उघडा पडला. तिनं वर पाहिलं. गुरप्पा डब्याचं झाकण न्याहाळत होता. वेणीमाधव छताकडे बघत होता. त्यांना ठाऊक होतं. आधीपासूनच.

गाणं संपल्यावर चनबसप्पानं विचारलं, "कसं झालं?"

"जोरात!" गुरप्पा म्हणाला.

"शब्द फार छान आहेत," वेणीमाधव म्हणाला.

"पेटीचा आवाज थोडा कमी करते मी," गोदावरी म्हणाली.

अनोळखी माणसाच्या ग्रामोफोनला उतरलाय म्हणायला तिला दोन मिनिटं पुरली होती. आता जत्रेपर्यंत दहा दिवस होते, आणि ते न सांगताच एक एक करून सरत गेले.

त्याला कारण होतं. दुसऱ्या दिवशी ती आली तर पेटीखाली चार बोटं उंचीचा पाट होता, रंधा मारलेला. "मान दुखत असंल," एवढंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिच्या चहात साखर कमी होती. ती कमी घेते हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. गुरप्पा तिला ताई म्हणायचा, वेणीमाधव गोदाताई. चनबसप्पा मात्र तिला कशानंच हाक मारायचा नाही. "ऐकलं का," म्हणायचा.

पहिल्यांदा म्हणाला तेव्हा गुरप्पाला एवढा खोकला आला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

"ऐकलं का, कोपऱ्यापर्यंत येतो. पेटी जड हाय."

"पेटी इथंच ठेवलीय मी."

"मग... पिशवी जड असंल."

"पिशवीत एक रुमाल आहे."

"लोकरीचा असंल," असं म्हणून तो पिशवी घेऊन पुढं चालायला लागला. मागं खोलीत वेणीमाधव आणि गुरप्पा एकाएकी फारच मन लावून वाजवायला लागले.

कोपऱ्यावर तो म्हणाला, "गड्ड्यावर गाणं चाललं ना, तर सांगोल्याला बोलावणारेत आपल्याला. आयुष्यात एकदा तरी माणसांसमोर गायचंय बघा. लहानपणापासून."

तिनं पिशवी हातात घेतली. तोंड उघडलं... आणि "येते" म्हणाली.

भोगीच्या दिवशी शेवटची तालीम होती. खोलीत बाजरीच्या भाकरीचा वास. चनबसप्पाची आई नागव्वा आत भाकरी थापत होती. तो डोळे मिटून गायला, अगदी जीव ओतून. जीव ओतल्यामुळे जास्तच उतरला.

"कसं झालं?"

"जोरात!"

"शब्द फारच—"

"आन् तुमाला?" तो गोदावरीकडे वळला.

तिच्या डोळ्यांसमोर गड्ड्याची गर्दी आली. मागं पाळणे, पुढं शेंगा सोलत बसलेली माणसं. एक जण हसेल, मग दहा हसतील, मग मांडव हसेल. आणि रांजणाच्या तोंडाशी हा, डोळे मिटून.

"तुम्ही बेसूर गाता," ती म्हणाली.

आतली भाकरीची थापसुद्धा थांबली.

"थोडं?"

"नाही. बरंच. गाणी सोन्यासारखी आहेत. ती तुम्ही गाऊ नका."

त्यानं गुरप्पाकडे पाहिलं. गुरप्पानं डब्याकडे. चनबसप्पानं गिटार भिंतीला टेकवली, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेला. वेणीमाधव हळूच म्हणाला, "सणाच्या तोंडावर नको होतं, गोदाताई."

"मग केव्हा? मांडवात?" असं ती म्हणाली खरी, पण घरी जाऊन तिनं तिळगूळ वळायला घेतला, तेव्हा पाक तीनदा बिघडवला.

संक्रांतीला दुपारी ती पेटी न्यायला आली. आर्केस्ट्रा मोडलाच असेल तर वडिलांची पेटी तिथं कशाला, असा सरळ विचार तिनं केला होता. बोळातली दुकानं बंद होती. खोलीचं दार उघडं. चनबसप्पा रांजणाला टेकून एकटाच बसलेला, हातात वाटी.

"पेटी न्यायला आले."

"नेताल की. बसा."

ती पाटावर बसली. पेटीच्या पाटावरच, दुसरं काही नव्हतं.

"आईला विचारलं काल," तो म्हणाला. "मी बेसूर गातो काय म्हणून. ती म्हणाली, व्हय की, लहानपणापासून. मग आजवर सांगितलं का न्हाईस म्हणलं. तर म्हणते, गाताना तू लई खूश दिसायचास बाळा."

गोदावरीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं दोन्ही आवरलं.

"गुरप्पाला विचारलं. त्याला वरीसभर ठाऊक हाय. वेणीमाधवाला पैल्या दिवसापासनं. म्हणून मग सकाळी ठरवलं. उद्या गाणी तुमी म्हणायची. पेटीसंगं गुणगुणता ते ऐकलंय मी. मी गिटार वाजवणार. ती तरी सुरात हाय न्हवं?"

"गिटार सुरात आहे."

"बघा, खरं बोला. तिळगूळ हाय म्हणून गोड बोलू नका."

"सुरात आहे. शपथ."

त्यानं वाटी पुढं केली. तिनं तिळगूळ उचलला आणि हातातच धरून राहिली. साडेतीन झाले होते, पण गड्ड्याची सुट्टी म्हणून भोंगा वाजला नाही. सगळं गाव कसं गप्प वाटलं.

"एक सांगा," तो म्हणाला. "एवढ्या माणसांनी झाकलं. तुमीच का सांगितलं?"

"लोक हसले असते."

"हसू देत की. हसले असते तर मला हसले असते. तुमचं काय जात होतं?"

"मला ते बघवलं नसतं."

"का बघवलं नसतं?"

दाराबाहेर कुणाचा तरी खोकला दाबल्याचा आवाज आला. गुरप्पाचा. त्याच्या मागोमाग, "अरे, जरा गप!" असा वेणीमाधवचा. आतल्या खोलीत नागव्वाची बांगडी वाजली आणि थांबली. म्हणजे सगळेच होते. सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि दहा दिवस सगळेच डब्यांकडे आणि छताकडे बघत होते.

गोदावरीनं तिळगुळाचा खडा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग ग्रामोफोनबद्दल बोलली होती तशाच सरळ आवाजात म्हणाली,

"कारण तुम्ही मला आवडता. आणि आता तरी मला नावानं हाक मारा."