माळ्यावरचं खाली काढू नकोस

काम तसं अगदी साधं होतं. हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हरची जुनी पेटी दुपारी चार वाजता कायमची बंद करायची. वायरमन येणार, वायर काढणार, पेटी भंगारात जाणार. त्याआधी आत काही राहिलं नाही ना, एवढं ढमीनं बघायचं. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. ढमी म्हणणारे एकटे बाबा, आणि ते जाऊन चार वर्षं झाली होती. पण आपण तिला ढमीच म्हणू, तिला आवडतं ते.

पेटी बाबांचीच. ढमीच्या आधी बावीस वर्षं तिच्या खुर्चीवर तेच बसत. नवं सामान मिळेना, तेव्हा त्यांनी एका पेटीत चार व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे चार लटके संगणक, कोंबल्या. मेमरी कमी, मशिनी जास्त. लहानपणी ढमीनं विचारलं होतं, "मग मावतं कसं हो, बाबा?"

"हे बघ, ढमे. मेमरी म्हणजे ओटा. चार सुना, ओटा एक. प्रत्येकीला मी सांगितलंय, की बाई गं, अख्खा ओटा तुझाच. जिचं आत्ता काम नाही, तिची भांडी गुपचूप माळ्यावर टाकतो. मागितली की खाली काढायची."

"माळा कुठाय?"

"ती हार्ड डिस्क. मेली गोगलगाय आहे, पण टाकलेलं विसरत नाही."

जगानं त्याला स्वॅप म्हणावं, या घरात तो माळाच राहिला.

तीन मशिनी नव्या पेटीत केव्हाच गेल्या होत्या. चौथीचं नाव होतं 'कोपरा'. ती कशाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षं दोन महिने, एकदाही बंद नाही. काम शून्य. आणि माळा मात्र काठोकाठ भरलेला.

"काय ठेवलंय बाबांनी एवढं?" ढमी पुटपुटली आणि तिनं मॉनिटरवर 'कोपरा'चा पडदा उघडला.

आधी काहीच दिसेना. मग डिस्क कुरकुरली. टक्... टक्-टक्. चार वर्षं माळ्यावर पडलेलं ओट्यावर यायला वेळ लागणारच, तिनं स्वतःला समजावलं. तळघरात पंख्यांची घरघर होती, धुळीचा वास होता. हळूच त्यात दुसरा वास मिसळला. गुडघ्याला चोळायच्या बामचा. बाबा या खोलीत शिरायच्या आधी त्यांचा बाम शिरत असे.

पडद्यावर अक्षरं येऊ लागली. एकेक, दमत दमत.

*ढमे, चहा पिऊन येतो. तोवर माळ्याला हात लावू नकोस.*

बाबा चिठ्ठ्या अशाच लिहीत आणि सेव्ह करायला हमखास विसरत. त्या दिवशीही चहाला म्हणून उठले आणि जिन्यात कोसळले. शेवटचा शब्द म्हणून कुणाला काही सांगितलं नाही, हे शल्य चार वर्षं तिला टोचत होतं. आणि ती ओळ इथं होती! सेव्ह न केलेली, नुसती माळ्यावर. आता वायर निघाली की काय राहील, काय जाईल, देव जाणे.

ती फोन काढून फोटो घेणार, तेवढ्यात डिस्क पुन्हा कुरकुरली. खाली आणखी ओळी होत्या.

*तुझ्या लेकीला माझं नाक आलंय. बिचारी.*

ढमी हसली, आणि हसता हसता तिनं ती ओळ पुन्हा वाचली. लेक दोन वर्षांची होती. बाबांना जाऊन चार...

*आईच्या चष्म्याची काडी तुटलीय. दोरा बांधून वापरते. बघत जा जरा.*

काडी तुटली त्याला तीन दिवस झाले होते. कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"बाबा...?" आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

टक्... टक्-टक्.

*मला खाली काढू नकोस. इथं बरं आहे. फक्त जागा अंमळ कमी आहे.*

भीती वाटली का? वाटली तर! पण अर्ध्या भीतीतच तिला इतकं बरं वाटलं, की ती तशीच पदरानं... छे, पदर कुठला, ओढणीनं डोळे पुसत बसून राहिली.

दारावर थाप पडली. वायरमन. "मॅडम, चार वाजले. काढू का वायर?"

"काढा," ती म्हणाली. "पण ही एक डिस्क मी नेणार."

"ती? अहो, ती गेलेली आहे. नुसती कुरकुरते."

"हो ना. सवय झालीये त्या कुरकुरीची."

डिस्क तिनं रुमालात गुंडाळून घरी आणली. आई स्वयंपाकघरात होती, लेक अंगणात. कुणी काही विचारण्याआधी ढमी स्टुलावर चढली आणि माळ्यावर, मोठ्या सूटकेसच्या शेजारच्या फटीत तिनं ती डिस्क सरकवली. घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही. आईला काय सांगायचं, वेड लागलं म्हणाली असती. मग तिनं काडीसाठी आईचा चष्मा मागून घेतला आणि दुकान गाठलं. खूप दिवसांनी मन कसं हलकं झालं होतं.

तासाभरानं परतली, तर सूटकेस हॉलच्या मधोमध.

"आई, ही का खाली काढलीस? चष्म्याशिवाय स्टुलावर चढलीस होय गं!"

"असू दे," आई कपात चहा ओतत म्हणाली. "त्यांना पाय पसरायला जागा होत नव्हती."

ओट्यावर कप तीन होते. तिसऱ्यातला चहा निम्म्यावर आलेला होता.