जाऊन राहिला

तिरोड्याच्या बसस्टँडवर मांडीवर प्रबंधाचं तिसरं प्रकरण घेऊन मी चहा पीत होते, आणि बाकावरचा शेजारी मान लांब करून ते खुशाल वाचत होता.

"पान उलटू का?" मी विचारलं.

"उलटा ना," तो म्हणाला. "पण मॅडम, अख्खं गाव रिकामं काऊन केलं तुमी?"

माझं डोकं आधीच उठलेलं. सादरीकरण तोंडावर, पुण्याहून गाइडचे रोज फोन, आणि विषय असा की सांगितला की समोरच्याला जांभई येते – बोदलकसा तलावाकाठच्या मासेमारांचं स्थलांतर. त्यात हा आगाऊ.

"मी नाही केलं. त्या गावातल्या धुरपताबाईच म्हणाल्या, 'पोरगा नागपूरले जाऊन राहिला.' शेजारच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

त्याने कप खाली ठेवला. हसू दाबताना त्याच्या गालाला खळी पडली… आणि ती मला दिसली, याचाच मला राग आला.

"मॅडम, आमच्याकडे 'जाऊन राहिला' म्हणजे जातो आहे. मी धुरपताबाईच्याच गावचा. तिचा पोरगा उदाराम त्या दिवशी जाळं आणाले नागपूरले जाऊन राहिला होता. रात्री घरीच जेवला."

'बसून राहिली', 'पाहून राहिला' हे मला आल्या दिवसापासून कळत होतं. पण 'जाऊन राहिला' मला सरळसरळ पुण्याचं मराठी वाटलं. जे बाजाराला निघाले होते, त्यांना मी कायमचे नागपूरला नेऊन बसवले होते. रडावं, की याच्या डोक्यात कप घालावा, हेच कळेना.

त्याचं नाव दुर्गेश. गोंदियाच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवायचा. सेट झालेली, पीएच.डी. अडकलेली, कारण गाइड रिटायर झाले. पर्मनंट जागेची जाहिरात कधी निघते, याकडे डोळे. मी माझ्या गाइडची पोटभर बोलणी खाल्ली, सादरीकरण पुढे ढकललं आणि दुर्गेशच्या मोटरसायकलवर बसून सगळ्या मुलाखती नव्याने घेतल्या.

"नीट धरा मॅडम, रस्ता खराब आहे."

"रस्ता चांगला आहे. तुम्हीच खड्डे शोधून राहिले."

"शिकल्या म्हणायच्या…" हेल्मेटखालची त्याची मान मागून लाल दिसत होती.

धुरपताबाईंनी तर मासे साफ करता करताच विचारलं, "लगन कधी करून राहिले तुमी?" दुर्गेश एकदम तलावात तरंगणारी डोंगी निरखायला लागला. मला वाटलं, निदान परतताना तरी बोलेल. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्याने गाडी थांबवली, हेल्मेट काढलं, पाण्यावरून वारा येत होता…

"मॅडम, मले एक सांगायचं होतं."

"सांगा."

"जाहिरात निघू द्या. पर्मनंट झालो का सांगतो."

"आणि नाही निघाली तर?"

"निघेल ना."

हा माणूस राज्यशास्त्र शिकवतो. इतका भोळेपणा त्याला शोभत नव्हता. परतताना खड्डे आले तरी मी त्याला धरलं नाही.

पुण्यात सादरीकरण पार पडलं. समितीला माझी ती चूकच सगळ्यात आवडली. त्यावर वेगळं परिशिष्ट लिहा म्हणाले. दुर्गेशचा मेसेज आला – 'अभिनंदन मॅडम.' बस, एवढाच. मी चार दिवस वाट पाहिली, मग चिडून फोन लावला.

"जाहिरात निघाली?"

"नाही जी."

"मग ऐका. माझं तुमच्यावर प्रेम आहे. नोकरी मलाही नाही. जाहिरातीची वाट बघायचीच, तर दोघं एकाच गावात बघू. गोंदियात तासिका मलाही मिळतील."

पलीकडे मोटरसायकल बंद केल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना? मी गोंदियाला येऊन राहिले."

मग पहिल्यांदाच 'मॅडम' न म्हणता त्याने हळूच विचारलं, "रुचिका… कोणत्या मराठीत?"

"दोन्ही," मी म्हटलं.