शिंपल्यातली हवा

कोकण किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी 'शिंपला' नावाची संशोधनवसाहत होती. वरून झिरपणारा दुपारचा उजेड तिथे पोहोचेपर्यंत हिरवा व्हायचा आणि शाल्मलीच्या खोलीच्या छतावर माशांच्या सावल्या संथ सरकायच्या. त्या सावल्यांखाली, भिंतीतल्या हवेच्या जाळीशी टांगलेल्या झोळीत, तिची कुहू झोपलेली असायची. शाल्मली शेवाळांची अभ्यासक. पण हातातलं काम टाकून ती सारखी लेकीच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास चालू आहे ना?

तिनं बोट धरलं, की जाळीतून वारा सुटायचा.

"आलं वादळ!" दारातून रेमंड परेरा हसायचा. हा वसईचा अभियंता वसाहतीची हवा सांभाळायचा. "अगं बाई, पोरगी झोपलीय. तू माझी वीज का जाळतेस?"

वारा खरोखरच तिच्या काळजीनं सुटायचा. श्वासातून बाहेर पडणारा कर्बवायू हवेत वाढला, तर माणसाला कारण कळायच्या आधीच धाकधूक होते आणि त्याच्या घामाचा वास बदलतो. कर्बवायू मोजणारी उपकरणं तळाच्या खाऱ्या दमटपणात सारखी बिघडत, म्हणून रेमंडनं खोल्याखोल्यांत गंधवेधक बसवले होते. मोठ्या माणसाचा ताणगंध एका वेधकानं जरी हुंगला, तरी मुख्य पंखा वाढे आणि सगळ्या वसाहतीची हवा कर्बवायू शोषणाऱ्या चुन्याच्या चाळणीतून जोरात फिरून शुद्ध होई. माणसं निवांत असली, की पंखा मंद.

आणि माणसं हल्ली फारच निवांत होती. डॉ. यास्मिन तांबोळींच्या प्रयोगात सगळी मोठी मंडळी रोज कॅनाबिडिऑलचे थेंब जिभेखाली घेत होती. एकटी शाल्मली घेत नव्हती, कारण ती बाळाला अंगावर पाजत होती.

कुहूनं अंगावरचं सोडलं, तशी ती यास्मिनच्या प्रयोगशाळेत जाऊन बसली. "यास्मिनताई, आता मलाही द्या. मला एकदा तरी न दचकता झोपायचंय. पण यात भांगेसारखी नशा नसते ना?"

"नाही गं. नशेचं द्रव्य वेगळं. हे त्याच झाडातलं, पण नशा न आणणारं. असं बघ, आपलं शरीर आनंदामाइड नावाचं द्रव्य स्वतःच बनवतं आणि लगेच मोडूनही टाकतं. हे थेंब ते मोडणं लांबवत असावेत. म्हणजे शांतता बाहेरून येत नाही. तुझीच तुझ्याजवळ जरा जास्त थांबते."

"आणि तोटा?"

"काहींना सुस्ती येते. रोज, वर्षानुवर्षं घेतले तर काय, ते अजून पुरतं कुणालाच माहीत नाही. तेच तर बघतेय."

"आणि खरंच घाबरायची वेळ आली तर?"

"डोकं शाबूत असतं की. डोक्यानं कळेल."

थेंब सुरू झाले आणि हळूहळू शाल्मलीच्या आतलं काहीतरी सैल होत गेलं. बोट धरायची सवय राहिली, पण त्यामागची धडधड गेली. छतावरच्या सावल्यांकडे ती तासन्‌तास बघत पडू लागली. जाळीतला वारा थांबला. रेमंड म्हणाला, "वीज काय वाचतेय! डॉक्टर, तुमच्या थेंबांना माझा सलाम."

वसाहत जणू पाण्यातच तरंगू लागली. बोलता बोलता माणसं जांभया देत. कपाळ जड वाटे. "थेंबांची सुस्ती," सगळे म्हणत आणि हसत.

कुहू मात्र हसेना. तिचं जावळ घामानं चिकटलेलं असे आणि ती झोपेतून किंचाळत उठे.

"दात येत असतील," रेमंड म्हणाला.

"असतील," शाल्मली म्हणाली. लेकीचं रडणं तिला कुठूनतरी लांबून येणाऱ्या गाण्यासारखं ऐकू येत होतं. छान वाटत होतं, आणि छान वाटतंय याचं नवलही वाटत नव्हतं.

एका दुपारी कुहू काही केल्या थांबेना, तेव्हा शाल्मलीनं हवाबंद पेटीतून जुनी गोधडी काढली. शाल्मलीच्याच वापरत्या साड्यांची, तिच्या आईनं शिवलेली. लेकीला शाल्मलीच्या अंगाचा वास मिळत राहावा म्हणून ती कधी धुतली नव्हती. थेंबांआधीचे सगळे महिने मायलेकी तिच्यातच झोपल्या होत्या. तिनं गोधडी झोळीवर पांघरली.

जाळीतून वारा घोंघावत सुटला.

रेमंड धापा टाकत आला. मागोमाग यास्मिन. "कोण घाबरलंय?"

"कुणी नाही," शाल्मली शांतपणे म्हणाली. कुहू रडायची थांबली होती. स्वतःच्या कपाळावरचं ओझं उतरतंय, हे शाल्मलीला जाणवलं. ती वाऱ्याकडे बघत राहिली, मग गोधडीकडे. "मी घाबरलेली नाही. गोधडी घाबरलीय."

"काय?"

"माझी जुनी काळजी आहे तिच्यात. वेधकाला तीच लागली." ती एकेक शब्द जुळवत होती, कोडं सोडवावं तसं. "पोर थेंब घेत नाही. तिला काहीतरी होतंय, आणि आपल्याला ते जाणवत नाहीये. वेधक पोरांचा वास धरतो?"

"नाही," रेमंड म्हणाला. "मोठ्यांचाच धरतो."

"मग हवेतच काहीतरी आहे. चाळणी बघ."

त्यानं जाऊन चाळणी उघडली आणि चुना बोटांनी चाचपून पाहिला. निम्मा चुना ओल लागून दगड झाला होता. "पंखा जोरात असता तर उरलेल्यावरही भागलं असतं. पण आपण सगळे निवांत..."

"ती सुस्ती थेंबांची नव्हतीच," यास्मिनचा आवाज खाली गेला. "आपला श्वास कोंडत होता. शरीरानं ओरडून सांगायला हवं होतं, आणि ते ओरडू नये म्हणून मी रोज औषध देत होते."

"थेंब घेईपर्यंत शाल्मली ओरडत होती," रेमंड म्हणाला. "मी हसत होतो."

नवा चुना भरला गेला. काही दिवस पंखा वेधकांवर न सोडता हातानंच वाढता ठेवायचं ठरलं. पुढे कायम एकानं तरी थेंबांविना राहायचं, हेही ठरलं.

"मी राहते," शाल्मली म्हणाली.

"अगं, तुलाच तर झोप हवी होती."

"हवीच आहे, ताई. पण तिला हवा हवी."

थेंबांचा अंमल उतरायला वेळ लागला. रोज दुपारी ती कुहूच्या नाकाखाली बोट धरून बसे आणि धडधडीची वाट पाही. आतून काहीच येत नसे. फक्त हिरवा उजेड, माशांच्या सावल्या.

मग एका दुपारी, बोटाला श्वास लागायला निमिषभर उशीर झाला आणि तिच्या काळजात सणकन कळ गेली.

जाळी सळसळली. कुहूचं जावळ कपाळावर भुरभुरलं.

दारावरून जाणारा रेमंड थबकला. तिथंच उभं राहून त्यानं छाती भरून श्वास घेतला.