अकरावा दाखला

प्रिंटरमधून सहा पानं बाहेर आली आणि तिने ती आपलीच समजून उचलली. बढतीच्या अर्जाला जोडायची शोधनिबंधांची यादी ती छापत होती. पण हाती आलं भलतंच... कुणाच्या तरी नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या निबंधाची शेवटची पानं, आणि संदर्भांमध्ये चौथं नाव तिचं.

"ती माझी आहेत," मागून आवाज आला.

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतला तो. सगळे त्याला मौनीबाबा म्हणायचे, कारण तो माणसांपेक्षा उंदरांशी जास्त बोलायचा. पानं परत घेताना त्याचे कान लाल झाले. मेंदू आणि भीती हाच तिच्या अभ्यासाचा विषय; लाल कान तिच्या नजरेतून सुटणार थोडेच! तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

खोलीत येऊन तिने संगणकावर शोधाशोध सुरू केली. सात वर्षांपूर्वी तिने एक छोटासा निबंध लिहिला होता. उंदराला रोज त्याच माणसाने दोन मिनिटं ओंजळीत धरलं, तर तो प्रयोगाच्या वेळी कमी घाबरतो, एवढंच त्यात होतं. तिच्या सरांनीसुद्धा तो हसण्यावारी नेला होता. आजवर त्याचे एकोणीस दाखले इतर निबंधांत आले होते, आणि त्यातले अकरा एकट्या मौनीबाबाचे होते.

ही गंमत नव्हती. गेल्याच वर्षी वरच्या मजल्यावरच्या दोघांनी 'तू माझं नाव घे, मी तुझं घेतो' असं गुपचूप ठरवलं आणि दोघांचीही बढती हुकली. तेव्हापासून निवड समिती दाखल्यांकडे भिंग लावून बघायची. बारा वर्षं घासून केलेल्या कामावर उद्या कुणी असं बोट ठेवलं तर?

फोनवर ताई मात्र हसतच सुटली. "अकरा वेळा? तुझ्या भाओजींनी अख्ख्या वर्षात माझं नाव इतक्यांदा घेतलं नसेल."

"थट्टा नको गं ताई. कुठेतरी पाणी मुरतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी अकराही निबंध काखोटीला मारून ती तळमजल्यावर उतरली. तो पिंजऱ्यांपाशी होता. बसायला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली, आणि तिने सरळ विचारलं, की हे कुणी करायला सांगितलं आणि बदल्यात काय हवंय.

त्याने पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला. एक गुबगुबीत पांढरा उंदीर आपण होऊन त्याच्या तळव्यावर चढला आणि निवांत तोंड पुसत बसला.

"आधी हे मला चावायचे," तो म्हणाला. "मग तुमचा निबंध वाचला. रोज दोन मिनिटं. तेव्हापासून एकदाही चावले नाहीत. मग जिथे हे उंदीर, तिथे तुमचं नाव नको?"

तिने एकेक निबंध चाळला. खरंच, दरवेळी नाव नेमकं हवं तिथेच आलं होतं. दहा निबंध झाले. तिला आता थोडं ओशाळल्यासारखं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात अकरावा हातात आला. कालचा, प्रिंटरवरचा.

"हा माशांवरचा आहे."

"हं."

"मासे ओंजळीत धरता तुम्ही?"

कान पुन्हा लाल. "नाही... तो उगाच आहे. दहा वेळा नाव लिहिलं, तुम्ही एकदाही खाली आला नाहीत. वाटलं, एक चूक केली तर तुम्ही नक्की पकडाल —"

"आणि प्रिंटर?"

"तो योगायोग. शपथ."

तिने कानांकडे पाहिलं. ते आणखी लाल झाले नव्हते, म्हणजे हे खरं होतं. तरी तिला राग आलाच, अगदी मनापासून आला, आणि असल्या खुळेपणापायी आपली बारा वर्षं मातीत गेली असती हे तिने त्याला चांगलं सुनावलं. त्याने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. चूक कळवणारं पत्र आजच संपादकांना लिहितो, म्हणाला.

"लिहाच," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली, कागदांतून आपला अर्ज काढला आणि दाखल्यांच्या रकान्यातल्या एकोणीसवर काट मारून अठरा लिहिलं.

"अकरावा गेला म्हणायचा," तो पुटपुटला.

"समितीपुरता गेला. तो मी माझ्याकडे ठेवलाय." तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. त्याने उंदीर अलगद तिच्या हातात दिला, आणि दोघांची बोटं क्षणभर तिथेच रेंगाळली.

"उद्या किती वाजता येऊ?" तिने विचारलं.

"कशाला?"

"दोन मिनिटं. रोज, आणि त्याच माणसाने. तुम्हीच तर वाचलंय."