उंचीप्रमाणे रांग

शाळेच्या मैदानावर लांब उडीच्या खड्ड्याला फाटक होतं, आणि ते मुलांच्या मनगटावरचा पट्टा पाहून उघडे. पट्ट्यात मुलाचा ‘प्रतिभांक’ नोंदलेला असे. पाचवीत प्रत्येकाला एकदा उडी मारायला लावत. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत किती झपाट्याने पोचतो ते पट्टा टिपे, आणि हे मूल पुढे कुठवर जाईल ते शंभरपैकी आकड्यात सांगून टाके. ऐंशीच्या वर असाल तर आत या, नाहीतर तारेबाहेर उभे राहून टाळ्या वाजवा. गावाला यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

आतली वाळू रोज सकाळी दाताळ्याने सारखी करायचं काम ओवी सुतारचं. ती शाळेत शिपाई होती. तिचा स्वतःचा अंक एकतीस.

त्या सकाळी निवृत्त क्रीडाशिक्षक खोत सर एक जुना फोटो घेऊन आले.

“स्वरांगीच्या सत्कारासाठी व्हय?” ओवीने हसून विचारलं. स्वरांगी कणसे तिच्याच वर्गातली. अंक चौऱ्याण्णव, आणि आता लांब उडीत देशाचं सुवर्णपदक.

“त्यासाठीच शोधत होतो,” सर म्हणाले. “सापडला तो हा. तुमच्या चाचणीच्या दिवशीचा.”

फोटोत सव्वीस मुली रांगेत उभ्या होत्या, बुटक्या पुढे, उंच मागे. सगळ्यांनी मनगटं वर धरली होती. ओवीने स्वतःला शेवटाकडे ओळखलं. पट्ट्यावर छापलेला क्रमांक होता तेवीस.

“तुझा हजेरी क्रमांक किती?”

“चार.”

“स्वरांगीचा?”

“तेवीस की.” बोलता बोलता ओवीचं लक्ष रांगेत चौथ्या उभ्या असलेल्या बुटक्या स्वरांगीकडे गेलं. तिच्या मनगटावर चार होता.

पट्टे हजेरीच्या क्रमाने लावून आले होते. सरांनी मात्र नेहमीच्या सवयीने शिट्टी फुंकली, “उंचीप्रमाणे!” असा हुकूम सोडला आणि पहिल्या मुलीपासून पट्टे वाटत गेले. यंत्राने क्रमांक वाचले, यादीने त्यांना नावं दिली. अठरा वर्षांत कुणीही पडताळून पाहिलं नाही.

“म्हंजे चौऱ्याण्णव माझा हुता?”

सरांनी होकारार्थी मान हलवली.

“आन् एकतीसवाल्या पोरीनं सोनं आणलं?”

“तिला मी रोज दोन तास जास्त पळवलं. चौऱ्याण्णव आहे, जमणारच, म्हणून. पडली की उठवलं. आणि तुला...”

“मला म्हणालासा, ओवी, उगाच हाडं झिजवू नगंस.”

ती मटकन वाळूच्या कडेला बसली. चाचणीच्या त्याच संध्याकाळी तिने नवेकोरे बूट चुलत बहिणीला देऊन टाकले होते. बरं झालं, यंत्रानं वेळेत सांगितलं, असं ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती, आणि तिला ते खरंच वाटत होतं. त्यानंतर तिने कधीच उडी मारली नव्हती. शेतातल्या पाटालासुद्धा वळसा घालून जाई.

सरांनी हात जोडले.

“तुमास्नी माफ करीन सर,” ओवी म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते. “पर बूट देऊन आलेल्या त्या पोरीला आता कोण जाऊन सांगणार?”

तारेबाहेर तिची दहा वर्षांची रेवा टाचेने मातीत रेघ ओढून उड्या मारत होती. “आई, बघ! कालच्यापेक्षा दोन बोटं पुढं!”

ओवीने पदराने तोंड पुसलं आणि लेकीला हात केला. मग ती हळू आवाजात सरांना म्हणाली, “उद्या हिची चाचणी हाय. या बारीला हजेरीप्रमाणं नीट उभं करतील, चूक व्हायची न्हाई. आन् पट्टा खराच एकतीस म्हणाला, तर मी हिला काय सांगू, सर?”